'लस' या शब्दाची कुळकथा

आरोग्य केंद्राची परिचारिका शीतपेटी घेऊन शाळेच्या ओट्यावर आली की वर्गात कुजबूज सुरू होते, आणि पटावर नाव असलेली दोन-चार मुले नेमकी त्याच दिवशी गैरहजर असलेली आढळतात. उरलेल्यांपैकी एखादा धीट मुलगा विचारतो, "गुरुजी, लस म्हणजे काय?" या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : "रोग होऊ नये म्हणून देतात ते औषध." हे उत्तर खोटे नाही, परंतु ते उपयोगाचे वर्णन झाले, शब्दाचा अर्थ त्यात आला नाही. शिवाय 'औषध' म्हटल्याने एक नवाच गोंधळ निर्माण होतो. औषध आजाऱ्याला देतात. लस धडधाकट मुलाला देतात. "आमचे पोर खेळते-खाते आहे, त्याला कशाला टोचता?" असे विचारणारी आई अडाणीपणाने बोलत नसून 'औषध' या शब्दाला धरूनच तर्क करीत असते. तिला उत्तर द्यावयाचे तर 'लस' हा शब्द कोठून आला, हे शिक्षकाला ठाऊक असणे बरे.

शब्दाचा पहिला अर्थ दवाखान्यातला नव्हे, तो घरातला आहे. चुलीपाशी हात भाजला की फोड येतो, तो फुटला की त्यातून पातळ, किंचित चिकट पाणी पाझरते. खरूज चिघळली, इसब ओले झाले, गुडघा खरचटला की असेच पाणी येते. खेड्यातील कोणतीही आजी त्याला 'लस' म्हणते : "जखमेतून लस वाहते आहे." पू निराळा आणि लस निराळी, हा भेद तिला पक्का ठाऊक असतो. पू दाट व पिवळा. लस निवळ व पातळ. या शब्दाचे नाते संस्कृतातील 'लसीका' शब्दाशी आहे. चरकसंहितेत कुष्ठाच्या निदानात त्वचा, मांस आणि रक्त यांच्या जोडीला लसीकेचे नाव येते. प्रमेहाच्या विवेचनातही ती येते. त्वचेखाली असणारा व जखमेतून झिरपणारा जलरूप अंश, असा तेथे अर्थ आहे.

येथेच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चरकात 'लसीका' हा शब्द आहे म्हणून चरकाला आजची लस माहीत होती, असे अनुमान काढणे योग्य नाही. शब्द जुना असतो. त्यात भरलेला अर्थ पुष्कळदा नवा असतो. असे अनुमान काढण्याचा मोह फार जुना आहे. १८१९ साली मद्रासच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात धन्वंतरीच्या नावावर एक संस्कृत उतारा प्रसिद्ध झाला होता, आणि गाईच्या आचळावरील फोडातील द्रव टोचावा असे त्यात सांगितल्याचा दावा होता. पुढे तो अनेक ग्रंथांतून खरा मानून उद्धृत झाला. परंतु कोणत्याही ज्ञात वैद्यकग्रंथात तो सापडत नाही, आणि लोकांनी लस स्वीकारावी या सद्हेतूने कोणी तरी तो रचला असावा, असेच अभ्यासकांचे मत आहे. हेतू चांगला असला तरी शिक्षकाने असा आधार वर्गात वापरू नये. भारताचा या बाबतीतला खरा इतिहास काही कमी महत्त्वाचा नाही, त्यामुळे रचलेल्या पुराव्याची गरजही पडत नाही.

शब्दाच्या व्याकरणाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. लस हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हैस-म्हशी, म्हशीचे दूध. त्याच चालीवर लस-लशी, लशीची कुपी. 'लसी' आणि 'लसीचा' ही रूपेही आता छापील मजकुरात सर्रास दिसतात, व 'लसीकरण' या शासकीय शब्दाने तर ती पक्की केली आहेत. मुलांनी 'लशीचा' लिहिले तर ते चूक धरू नये. (पाचवीच्या वर्गात 'लसावि' शिकविताना एखादे मूल लशीचे नाव काढून हसविते, तेथे ल, सा आणि वि ही लघुतम साधारण विभाज्य या शब्दांची आद्याक्षरे आहेत, एवढे सांगून पुढे जावे.) शेजारच्या भाषांकडे पाहिले तर कन्नडात लशीला 'लसिके' म्हणतात, हे उघडच 'लसीका'चे रूप आहे. गुजरातीत 'रसी' म्हणतात, आणि गुजरातीत रसी म्हणजे पू. हिंदी व बंगालीने मात्र निराळी वाट धरली. तेथे शब्द आहे 'टीका'. कपाळावर लावावयाच्या टिळ्याशी त्याचा संबंध आहे, कारण टोचल्यावर दंडावर टिळ्यासारखी खूण राहते. मराठीत 'टीका' म्हणजे दोष दाखविणे अथवा ग्रंथावरील विवेचन. त्यामुळे हिंदी भित्तिपत्रकावरील 'टीकाकरण' वाचून मराठी मुलाला काहीच बोध होत नाही.

आता मुख्य प्रश्न : जखमेतील पाण्याचे नाव रोगप्रतिबंधक द्रव्याला का मिळाले? याचे उत्तर देवीच्या रोगात आहे.

देवी हा रोग आज पृथ्वीवर उरलेला नाही, म्हणून त्याचे भय पोहोचविणे शिक्षकाला कठीण जाते. ताप येई, मग अंगभर फोड उठत, त्यांत पू भरे, खपल्या धरत. या रोगाच्या उग्र प्रकारात दर दहा रोग्यांपैकी साधारण तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत आणि कित्येकांचे डोळे जात. मराठीने या रोगाला रोगाचे नावच दिले नाही. 'देवी आल्या' असे आदरार्थी बहुवचनात म्हणावयाचे, कारण घरात आलेली ती पाहुणी. तिचा अवमान होता कामा नये. या भाषेला केवळ अंधश्रद्धा म्हणून हसण्यात अर्थ नाही. ज्या संकटावर कोणताही उपाय चालत नाही, त्याच्याशी बोलावयाची ती एक रीत होती.

तथापि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात केव्हाच आली होती, ती ही की ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला त्या पुन्हा येत नाहीत. त्यावरून पुढचा विचार सुचला : मोठ्या देवी येण्याची वाट पाहण्यापेक्षा मुद्दाम थोड्या आणविल्या तर? बंगालमध्ये ही प्रथा चांगली रुजलेली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेल्या जॉन झेफनाया हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ साली लंडनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध करून तिचे वर्णन केले. टोचणारे ब्राह्मण देवीच्या हंगामाआधी गावोगाव फिरत. दंडावर हलके ओरखडे काढीत, आदल्या वर्षी टोचलेल्यांच्या फोडांतील द्रव लागलेला कापूस गंगाजलाने ओला करून त्यावर ठेवीत, आणि पुढे पथ्य सांगत. टोचलेल्याला देवी येत, पण बहुधा सौम्य येत. अशीच रीत तुर्कस्तानात होती. तेथून ती लेडी मेरी माँटेग्यू या बाईंनी १७२१ साली इंग्लंडात नेली.

या रीतीला इंग्रजीत 'इनॉक्युलेशन' असे नाव पडले. शब्द बागेतून आला आहे. लॅटिनमध्ये 'ओक्युलस' म्हणजे डोळा, आणि झाडाचा डोळाही. एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसविणे हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. आपल्याकडे गुलाबाचे किंवा संत्र्याचे कलम करणारा माळी 'डोळा भरणे' असेच म्हणतो. दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांनी एका कामाला एकच नाव द्यावे, याचे आश्चर्य वाटते. साल चिरायची, आत डोळा ठेवायचा, तो रुजतो. त्याचप्रमाणे कातडी ओरखडायची, आत रोगाचे बीज ठेवायचे, ते रुजते. ज्या शाळेच्या परसात गुलाबाचे कलम बांधलेले आहे, तेथे हा शब्द शिकविण्यास दुसरे साधन नको.

या रीतीत दोष मोठा होता. टोचलेली देवी ही खरीच देवी होती. क्वचित ती उग्र होऊन माणूस मरे, आणि टोचलेल्या मुलापासून शेजारच्या न टोचलेल्या मुलाला खऱ्या देवीची लागण होऊ शके.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात गवळणींना गाईच्या आचळावरील फोडांची लागण होत असे. हातावर चार-दोन फोड येत व बरे होत. आणि अशा बायकांना देवी येत नाहीत, अशी समजूत होती. १७७४ साली डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने देवीची साथ आली असता मोजे विणण्याच्या सुईने गाईच्या फोडातील द्रव आपल्या बायकोला व दोन मुलांना टोचला. तो वैद्य नव्हता, आणि त्याने काही लिहून ठेवले नाही. पद्धतशीर परीक्षा करून ती छापण्याचे काम एडवर्ड जेन्नर या ग्लॉस्टरशरमधील वैद्याने केले. १४ मे १७९६ रोजी त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातून द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. १ जुलै रोजी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. देवी आल्या नाहीत. (आज कोणत्याही मुलावर असा प्रयोग करू दिला जाणार नाही, आणि तेच योग्य आहे.) १७९८ साली जेन्नरने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गाईच्या या रोगाला त्याने लॅटिन नाव दिले : 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे गाईच्या देवी. लॅटिनमध्ये 'व्हाक्का' म्हणजे गाय. 'व्हॅक्सिन' म्हणजे शब्दशः 'गाईचे'. १८०० साली प्लिमथ येथील रिचर्ड डनिंग या जेन्नरच्या स्नेह्याने टोचण्याच्या क्रियेला 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द छापील लेखनात वापरला, आणि तो रूढ झाला.

नव्या रीतीला विरोध झाला नाही असे नाही. १८०२ साली जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने लंडनमध्ये एक चित्र छापले. त्यात टोचून घेतलेल्या माणसांच्या अंगातून, नाकातून, दंडातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडताना दाखविल्या आहेत. लशीची धास्ती केवळ भारतातील खेडवळांना वाटते असे मानणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

मग मराठीत गाय का आली नाही? कारण लस भारतात आली ती गाईसह नव्हे, तर मुलांच्या दंडावरून. हा भाग मुलांना सविस्तर सांगण्याजोगा आहे.

गाईच्या फोडातील द्रव दोऱ्यावर अगर काचेवर वाळवून पाठविता येई, पण लांबच्या प्रवासात, विशेषतः उन्हात, तो निकामी होई. म्हणून खात्रीचा मार्ग एकच राहिला : एका मुलाला टोचायचे, आठवड्याभराने त्याच्या दंडावरचा फोड भरला की त्यातील निवळ द्रव दुसऱ्याला टोचायचा, मग त्याच्यावरून तिसऱ्याला. दिव्याने दिवा लावावा तशी ही माळ चालवावी लागे; मध्ये एक दिवा विझला की सर्व संपले. स्पेनच्या राजाने १८०३ साली फ्रान्सिस्को हाव्हियेर दे बाल्मिस या वैद्याबरोबर अमेरिकेकडे जहाज पाठविले, तेव्हा त्यावर बावीस अनाथ मुले होती. महासागर ओलांडेपर्यंत ठरावीक दिवसांनी त्यांतील दोघादोघांना टोचीत लस जिवंत ठेवली गेली. ज्या मुलांना कोणी विचारले नाही आणि ज्यांच्याकडे नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्यांच्या दंडांवरून ही लस पलीकडे पोहोचली, हेही सांगितले पाहिजे.

भारताकडे लस निघाली ती व्हिएन्नाहून. तेथील झां द कारो या वैद्याने ती काचांमध्ये मेणाने बंद करून पूर्वेकडे पाठविली. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा मुक्काम करीत ती मुंबईस आली. आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचली गेली. भारतात देवीची लस घेतलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना टोचण्यात आले, आणि मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. देशातील पहिली लस येथील एका लहान मुलीच्या दंडावर रुजली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद आहे. तरी ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

आता शब्दाचे कोडे उलगडते. टोचणाऱ्याने फोडाला सुई लावली की जे पाणी येई ते लोक डोळ्यांनी पाहत होते, आणि त्या पाण्याला त्यांच्याकडे आधीच नाव होते. इंग्रजही त्याला 'लिंफ' म्हणत. लॅटिन 'लिंफा' म्हणजे निर्मळ पाणी. तेव्हा युरोपीय भाषांनी द्रव्याचे नाव उगमावरून ठेवले, मराठीने द्रव्यावरूनच ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दंडावरून दंडावर टोचण्याची रीत मागे पडली, कारण तीतून उपदंशासारखे दुसरे रोग पसरण्याचा धोका असे. मग वासराच्या कातडीवर फोड उठवून त्यांतील लस काढीत. मुंबई इलाख्यासाठी हे काम बेळगावच्या संस्थेत होत असे.

लोकभाषेत मात्र आणखी एक प्रयोग रूढ झाला : 'देवी काढणे'. "मुलाच्या देवी काढल्या का?" म्हणजे लस टोचली का. 'देवी येणे' आणि 'देवी काढणे' यांत रोग आणि त्याचा प्रतिबंध एकाच नावाने ओळखला गेला, आणि त्यामुळे संशयाला जागाही मिळाली : देवीचा कोप नको म्हणून मूल लपविणाऱ्या घरात देवी 'काढायला' माणूस आलेला असे. हा रोग भारतातून १९७५ साली गेला. सोमालियात १९७७ साली जगातील अखेरचा नैसर्गिक रोगी आढळला. आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. रोगाबरोबर 'देवी काढणे' हा प्रयोगही लोपला. पन्नाशीच्या पुढील माणसांच्या दंडावर किंवा मनगटाजवळ त्याचे गोल वण अद्याप दिसतात. मुलांना आजी-आजोबांच्या हातावरील ते वण पाहून यावयास सांगावे.

गाईचे नाव इतर लशींना कसे मिळाले, हे थोडक्यात असे. फ्रान्सचा शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे व मेंढ्यांच्या काळपुळीचे जंतू क्षीण करून टोचले असता तेच संरक्षण मिळते असे दाखविले. त्यांत गाय नव्हती आणि फोडातील पाणीही नव्हते. तरी १८८१ साली लंडन येथील वैद्यक परिषदेत त्याने सुचविले की जेन्नरच्या सन्मानार्थ अशा सर्वच द्रव्यांना 'व्हॅक्सिन' म्हणावे. शब्दाचा अर्थ एका भाषणाने विस्तारल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. मराठीने हा विस्तार निमूटपणे स्वीकारला व 'लस' शब्दाला तोच नवा भार दिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन याने मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्याचेच नाव धारण करते. या प्लेगच्या लशीत जखमेतील पाण्याचा अंशही नव्हता. पण लोक तिला लसच म्हणाले. शब्द आता द्रव्यापासून सुटून कार्याला चिकटला होता.

क्षयावरील बी.सी.जी. लशीत मात्र गाय पुन्हा डोकावते. या तीन अक्षरांपैकी शेवटची दोन काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची आहेत. त्यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे गुरांच्या क्षयाचे जंतू पुनःपुन्हा वाढवून इतके सौम्य केले की ते रोग निर्माण करीनासे झाले. वर्गातील बहुतेक मुलांच्या डाव्या दंडावर जो लहानसा वण दिसतो तो या लशीचा. आणि खुद्द देवीच्या लशीची गंमत अशी की १९३९ साली ॲलन डाउनी याने तपासले, तेव्हा तीतील विषाणू गाईच्या देवीच्या विषाणूहून वेगळा निघाला. १९०२ साली तयार झालेल्या एका लशीचे परीक्षण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो घोड्यांच्या देवीच्या विषाणूला अधिक जवळचा आढळला. म्हणजे नाव गाईचे चालले, काम कदाचित घोड्याचे होते. ओघात आलेला 'विषाणू' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. 'व्हायरस' हा लॅटिन शब्द आणि संस्कृत 'विष' ही एकाच मुळाची भावंडे आहेत. त्यामुळे 'विष' आणि 'अणू' मिळून केलेला मराठी शब्द भाषांतर असूनही परका वाटत नाही.

शब्दाचा अर्थ विस्तारला की त्याच्या सीमा पुसट होतात, आणि येथे जिवाशी गाठ पडते. खेड्यात साप चावल्यावर देतात त्यालाही 'सापाची लस' म्हणतात. ती लस नव्हे. घोड्याला अत्यल्प प्रमाणात सापाचे विष टोचून त्याच्या रक्तात त्यावरील उतारा तयार होऊ देतात, आणि त्या रक्तातील निवळ द्रवापासून प्रतिविष करतात. रक्तातील या द्रवाला 'सीरम' म्हणतात. लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दूध नासल्यावर सुटणारे पाणी. लस शरीराला शिकविते, सीरम शरीराला आयते देते. लस घेतल्यावर शरीराला तयारी करण्यास दिवस लागतात, पण ती तयारी पुष्कळ काळ टिकते. सीरम तत्काळ काम करते, पण काही दिवसांनी ते संपते. म्हणूनच सापाचे प्रतिविष आधी घेऊन ठेवून शेतात जाता येत नाही. साप चावल्यावर विनाविलंब रुग्णालयच गाठावे लागते. "त्याने मागच्या वर्षी सापाची लस घेतली आहे" असे समजून कोणी उशीर केला, तर चूक शब्दाची असते आणि प्राण माणसाचा जातो.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे चावा झाल्यावर लस देतात, आणि जखम खोल असेल तर सीरमही देतात. लस चाव्यानंतर उपयोगी पडते याचे कारण असे की या रोगाचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सावकाश जातो आणि तेवढ्या अवधीत शरीराची तयारी करून घेता येते. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर प्रथम हाच उपाय केला. परंतु रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ राहत नाही. आणि अडचण अशी की मुले चावा लपवितात. पोटात चौदा सुया टोचतात हे त्यांनी घरातील मोठ्यांकडून ऐकलेले असते. ते एके काळी खरे होते. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात, चार-पाच वेळा दिली जाते. चाव्यांना बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा चौदा सुयांची गोष्ट आता जुनी झाली, हे वर्गात स्पष्टपणे सांगितले जावे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगाव्यात : कुत्र्याने चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला कळवावे. हळद, चुना, मिरची लावून बांधल्याने विषाणू मरत नाही. वेळ मात्र जातो.

टोचणे हे लशीचे लक्षण नव्हे, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पोलिओची लस थेंबांनी तोंडात दिली जाते; तिला आपण 'डोस' म्हणतो, आणि 'डोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ 'देणे' असा आहे. उलट तापासाठी टोचलेली प्रत्येक सुई लस नसते. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची जी सुई शाळेत मिळते ती लस आहे; २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची जी मोहीम झाली तीही लशीची होती. लस घेतल्यावर दंड दुखणे, एखादा दिवस ताप येणे हे शरीर कामाला लागल्याचे चिन्ह असते. हे पालकांना आधी सांगितले असता ते घाबरत नाहीत. नंतर सांगितले असता तीच गोष्ट सबबीसारखी वाटते.

शेतकऱ्यांच्या मुलांना हा विषय समजाविण्यास सर्वांत सोपी वाट गोठ्यातून जाते. पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचतात, हे त्यांनी पाहिलेले असते. घटसर्प हे नाव मराठीत गुरांच्या एका रोगाला आणि माणसांच्या घशाच्या एका रोगाला, दोहोंना आहे. रोग मात्र भिन्न आणि लशीही भिन्न. गुरे धडधाकट असतानाच लस द्यावयाची, साथ आल्यावर नव्हे, हे ज्या शेतकऱ्याला पटलेले असते त्याला मुलाबाबत वेगळे समजाविण्याची फारशी गरज नसते. फक्त ही दोन कामे एकच आहेत हे दाखवून द्यावे लागते. २०२२ साली महाराष्ट्रात गाईबैलांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली. अंगावर गाठी उठत, ताप येई, जनावर खाणे सोडी. कित्येक गोठे ओस पडले. लम्पीसाठी स्वतंत्र लस तेव्हा सर्वत्र उपलब्ध नव्हती. म्हणून शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना टोचण्यात आली, कारण शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू जवळचे नातलग आहेत. जेन्नरने गाईच्या रोगाने माणसाला वाचविले. येथे शेळीच्या लशीने गाईला वाचविण्यात आले. त्या वर्षी ज्यांच्या गोठ्यातील गुरांना ही लस टोचली गेली अशी मुले बहुतेक शाळांत सापडतील. या पाठाची सुरुवात त्यांच्याकडून ती हकीकत ऐकून करता येईल.